दुसऱ्या तारेवरचा वॉशर

शिवणबाईंना भीती वाटायची ती अगदी लहानपणापासून. कुकरची तिसरी शिट्टी, बंद लिफ्ट, ओल्या हाताने दाबलेलं बटण, सकाळी सहाला वाजणारा फोन, यांतल्या कशानेही त्या दचकायच्या. सव्वीस वर्षं त्यांनी शाळेत मुलींना शिवण शिकवलं, आणि या सव्वीस वर्षांत एकही तास असा गेला नाही की आज कुणाच्या तरी बोटात सुई जाणार या धास्तीने त्यांना घाम फुटला नाही. सुई गेली एकदाच, तीही त्यांच्याच बोटात. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा.

नवरा मात्र देवाने अगदी उलटा जुळवून दिला. त्याला सगळे मिस्त्रीच म्हणत, बाईही लोकांशी बोलताना ‘आमचे मिस्त्री’ म्हणत. चाळीस वर्षं वर्कशॉपात दारात येईल त्या ट्रकचा, बसचा, मोटरसायकलचा गिअरबॉक्स त्यांनी उघडला आणि बंद केला. गडगडाटी हसायचे. बाई कशाला तरी घाबरल्या की हमखास हसायचे. घरात कामाची वाटणीच ठरलेली होती, भ्यायचं बाईंनी आणि हसायचं मिस्त्रींनी, आणि तेवढ्यावर संसाराची अडतीस वर्षं बरी निघाली होती.

मग दीड वर्षापूर्वी एका सकाळी मिस्त्री केस कापायला म्हणून बाहेर पडले ते तीन तासांनी आले. केशकर्तनालय गल्लीच्या तोंडाशी. केस होते तेवढेच होते. “गर्दी होती गं,” असं म्हणून ते हसले. पण त्यांच्या चपला चिखलाने भरल्या होत्या आणि त्या हसण्याच्या मागे काय आहे ते बाईंनी बरोबर ओळखलं. भीती ओळखण्यात त्यांचा हात कोण धरणार?

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, की विसरणं वाढत जाईल, किती वेगाने ते सांगता येत नाही, पण गॅस आणि गाडी या दोन गोष्टी यांच्या हातात देऊ नका. मुलगी दुसऱ्या शहरात नर्स होती. तिने फोनवर बाबांनाच ते स्पष्ट सांगून टाकलं. मिस्त्री भांडले नाहीत. दोन दिवस जेवले नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिसऱ्या दिवशी उठून बसले आणि बाईंना विचारलं, “म्हणजे मी आता माणसांत जमा नाही का?”

त्या प्रश्नाने बाईंचं काळीज चिरलं. त्यांनी त्याच दिवशी ठरवलं, की यापुढे या माणसाला तोंडावर ‘तुम्ही विसरलात’ असं आपण कधी म्हणायचं नाही.

जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळलेली एक मोटरसायकल होती. मिस्त्रींनी लग्नाआधी घेतलेली, तेव्हाही जुनीच. तिच्या टाकीवरून ते इतक्या मायेने फडकं फिरवायचे, की बाई तिला मनातल्या मनात सवत म्हणायच्या. अकरा वर्षं ती तिथे पडून होती, कारण तिचा तिसरा गिअर उडायचा. लावला की थोडं पुढे जाऊन खट्‌कन आपोआप सुटायचा. दुनियेचे गिअरबॉक्स नीट केले आणि घरचा तेवढा राहिला, दिव्याखाली अंधार. बाईंची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. त्यांच्या मते न चालणारी मोटरसायकल ही जगातली सगळ्यात चांगली मोटरसायकल होती.

एके दिवशी मिस्त्रींनी त्यांच्या जुन्या दोस्ताला, लेथवाल्याला, बोलावलं आणि दोघांनी मिळून गाडीचा गिअरबॉक्स काढून थेट बाहेरच्या खोलीत आणला. ठेवला कुठे, तर बाईंच्या कापड बेतायच्या टेबलावर. खाली जुनी चादर अंथरण्याइतकी बुद्धी तरी झाली.

“करू दे गं आई,” मुलगी फोनवर म्हणाली. “हात गुंतलेले राहिले तर बरंच आहे.”

“आणि पूर्ण झाला म्हणजे?”

“पूर्ण कुठला होतोय!”

बाईंनी त्या एका वाक्याचा आधार धरला आणि टेबल देऊन टाकलं.

मिस्त्रींची कामाची एक रीत होती, वर्कशॉपात ती त्यांच्याखेरीज दुसरं कुणी पाळायचं नाही. शाफ्टवरून, म्हणजे बॉक्समधल्या दांड्यावरून, उतरलेला भाग ते डब्यात टाकत नसत. उतरला की पुसायचा आणि तांब्याच्या तारेत ओवायचा, ज्या क्रमाने उतरला त्या क्रमाने, ज्या तोंडाने उतरला त्या तोंडाने. वरच्या शाफ्टची एक तार, खालच्या शाफ्टची दुसरी. बाईंनी पहिल्या तारेला लाल चिंधी शिवून दिली, दुसरीला निळी. दिवसाचं काम संपलं की तारांची टोकं वळवून त्या खिडकीच्या गजाला टांगायच्या, आणि टांगण्याआधी डोळे मिटून तारेवरून अंगठा फिरवायचा. गिअर, बुश, वॉशर, गिअर.

“माणूस विसरतो, कागद भिजतो,” ते म्हणायचे. “तार खोटं बोलत नाही.”

बाई दाराशी उभ्या राहून बघायच्या आणि त्यांना काही उमजायचं नाही. समोर ठेवलेला चहा हा माणूस विसरत होता. नातवाचं नाव एका फोनमध्ये तीनदा विचारत होता. पण बेअरिंगचा नंबर न बघता सांगत होता, कुठल्या गिअरचे दात झिजलेत ते नुसत्या नखाने सांगत होता. लेथवाल्याने भंगार बाजार पालथा घालून तसाच एक गिअर शोधून आणला, पितळी नळीसारखा एक बुश नवीन करून दिला, मधल्या वेळात खाली गाडीचा कार्बोरेटरही साफ करून ठेवला. जाताना तो दारात हळूच म्हणाला, “वहिनी, डोकं कुठेही फिरत असो, हात अजून पहिल्या नंबरात आहेत बरं का.”

बाईंना बरं वाटलं आणि लगेच धडकीही भरली. काम खरंच पूर्ण होत होतं.

एका शुक्रवारी चहा पिताना मिस्त्री म्हणाले, “परवा बंद करतो बॉक्स. सोमवारी गाडीला लावू आणि तुझ्या भावाकडे जाऊन येऊ. फार बोलतो तो, गाडी भंगारात गेली म्हणून.”

भाऊ राहायचा खाली, पेट्रोल पंपानंतर चार किलोमीटरचा नुसता उतार आणि वळणं. डॉक्टरांचे शब्द जिभेवर आले आणि त्यांनी ते चहाबरोबर गिळले. किल्ली लपवावी? मिस्त्रींना किल्ली कशाला लागते, वायरीचे दोन तुकडे जोडून ते कुणाचीही गाडी चालू करायचे. मुलीला सांगावं? ती पुन्हा तोंडावर बोलेल, आणि ती भिंत, ते दोन दिवस, तो प्रश्न सगळं पुन्हा. इकडे आड, तिकडे विहीर.

शनिवारी दुपारी मिस्त्री कोचावर घोरत असताना बाई पाय न वाजवता खिडकीशी गेल्या. निळ्या चिंधीची तार काढली, टोक सरळ केलं, दोन गिअर आणि एक बुश उतरवून टेबलावर तसेच ओळीने ठेवले. त्यामागे एक वॉशर होता, कागदासारखा पातळ, त्यांच्या कोटाच्या बटणाएवढा. तो त्यांनी काढून घेतला. बाकीचं होतं तसं ओवलं, टोक वळवलं, तार गजाला टांगली. सव्वीस वर्षं बारीक काम केलेली बोटं होती, चुकली नाहीत. वॉशर त्यांनी बटणांच्या डब्यात टाकला, कोटाच्या काळ्या बटणांखाली.

हिशेब साधा होता. अंगठा फिरवतील, वॉशर नाही म्हणून कळेल, चिडतील, घर डोक्यावर घेतील. दुसरा मिळवायला लेथवाला महिनाभर बाजार धुंडाळेल. आणि महिन्याभरात भावाकडे जायचं त्यांच्या डोक्यातून निघूनही जाईल. हा शेवटचा विचार मनात आला आणि बाईंना स्वतःचीच भीती वाटली. ज्या विसरण्याने त्यांची झोप उडाली होती, त्याचीच आज त्या वाट बघत होत्या.

संध्याकाळी मिस्त्री तारा तपासायला बसले तेव्हा चोराच्या मनात चांदणं, बाई स्वयंपाकघरात पळाल्या. नळ सोडून भांडी घासत बसल्या, कान मात्र बाहेरच्या खोलीत. आता ओरडतील, आता हाक मारतील. भांडी संपली तरी हाक आली नाही. शेवटी बाहेर येऊन बघतात तो तारा गजाला लटकलेल्या आणि मिस्त्री गुडघे टेकून पलंगाखाली बघतायत.

“काय शोधताय हो?”

“चप्पल.”

चपला त्यांच्या पायांत होत्या. त्या रात्री मिस्त्री अर्धवट जेवून उठले, आणि बाईंनी तेही दुखण्याच्याच खात्यात टाकलं.

रविवारी सकाळी मिस्त्री मोरीपाशी बसले होते. समोर काचेचा तुकडा, त्यावर कसलासा काळा ओला लेप, आणि त्यावर बोट गोल गोल फिरतंय, फिरतंय. बाईंनी काय करताय म्हणून विचारलं तर वर न बघता म्हणाले, “काही नाही. वेळ जात नाही.” डॉक्टरांनी सांगितलंच होतं, पुढे पुढे हात उगाचच फिरत राहतील. बाई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. एवढ्या लवकर? परवापर्यंत तर नखाने दात मोजत होते.

चहा झाला आणि मिस्त्री बॉक्स बंद करायला टेबलाशी बसले. बाई समोर पडद्याची किनार दुमडायला घेऊन बसल्या. पहिली तार रिकामी झाली. प्रत्येक भाग तारेवरून निघत होता, तेलात बुडत होता आणि शाफ्टवर जागच्या जागी जात होता. मग निळ्या चिंधीची तार. एक भाग, दुसरा, तिसरा, आणि त्या जागेवर येऊन मिस्त्रींचा अंगठा थांबला.

आता विचारणार. विचारू देत, शंभरदा विचारू देत. त्यांनी नकळत हात दाबला आणि सुई कचकन बोटात गेली. आयुष्यात दुसऱ्यांदा. बोट तोंडात घालून, डोळ्यांतलं पाणी पुसून त्यांनी वर पाहिलं तेव्हा पुढचा बुश शाफ्टवर चढत होता आणि मिस्त्री रुमाल खिशात कोंबत होते.

विचारलं नाही. थांबले, आणि पुढे गेले.

दुपारी एकपर्यंत कव्हर बसलं, नट आवळले गेले. बाई तिथेच बसून होत्या. भीती आता एक राहिली नव्हती. पहिली ही, की ज्या तारेवर या माणसाचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास, तिच्यावरची रिकामी जागाही त्याला कळली नाही. म्हणजे हातही गेले. आणि दुसरी त्याहून मोठी. गिअरबॉक्स अर्धवट होता, तो त्यांनीच अर्धवट केला होता, आणि उद्या त्यावर बसून मिस्त्री उतार उतरणार होते. करायला गेल्या एक आणि होऊन बसलं भलतंच.

त्यांनी आडून विचारलं. “अहो, एखादा वॉशर आत घालायचा राहिला, तर काय होतं हो?”

मिस्त्रींचा हात थांबला. “का विचारतेस?”

“सहज.”

“सपाट रस्त्याला काही कळत नाही,” मिस्त्री सावकाश म्हणाले. “उतारावर एखादे वेळी दोन गिअर एकदम धरतात. मागचं चाक जागच्या जागी जाम. गाडी कुठे आणि माणूस कुठे, ते नंतर शोधायचं.”

अशी वाक्यं ते हसत हसत बोलायचे. आज हसले नाहीत. पण बाईंचं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे कुठे होतं, त्यांना समोर नुसतं जाम झालेलं चाक दिसत होतं.

सांगून टाकायला हवं होतं, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुमच्या तारेवर एक जागा रिकामी होती आणि तुम्हाला कळली नाही. की आता तुम्ही खरंच माणसांत जमा नाही. संध्याकाळी त्या चहा घेऊन गेल्या. “अहो, एक सांगायचं होतं.” “सांग ना.” बाईंचं तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, “साखर संपलीये.” थोड्या वेळाने पुन्हा गेल्या, तेव्हा चहापत्तीही संपली. मिस्त्री म्हणाले, “उद्या आणू.” उद्या!

सोमवारी नऊ वाजता लेथवाला आला. दोघांनी गिअरबॉक्स गाडीला बसवला, चेन चढवली, तेल भरलं. समोरच्या घरातले टपालमास्तर बनियनवरच गॅलरीत येऊन उभे राहिले. पहिली किक फुकट, दुसरी फुकट. बाईंनी मनात म्हटलं, तिसरीही फुकट जाऊ दे. तिसऱ्या किकला गाडी धडधडून चालू झाली आणि टपालमास्तरांनी टाळ्या वाजवल्या.

मिस्त्री मात्र खूश दिसत नव्हते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “आधी मी एकटा फिरवून आणतो,” ते म्हणाले.

“मी येते,” बाई म्हणाल्या.

“नको.”

“येणार म्हणजे येणार.”

“अगं, जन्मात कधी धड या गाडीवर बसली नाहीस. घाबरतेस तू.”

“आज नाही घाबरत.” बाईंच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं. “आलेच, थांबा.” त्या आत धावल्या, बटणांचा डबा टेबलावर उपडा केला, बटणं घरभर पसरली, त्यांतून वॉशर उचलून मुठीत दाबला आणि धापा टाकत येऊन मागे बसल्या.

“काही झालं म्हणजे?” मिस्त्रींनी मान न वळवता विचारलं.

“झालं तर दोघांना होईल.”

“वहिनींना आज भलतीच हौस आलीये,” लेथवाला हसून म्हणाला. त्याला कोण सांगणार.

गाडी निघाली. औषधांचं दुकान गेलं, शाळेचं फाटक गेलं, पाण्याची टाकी गेली. बाईंनी डाव्या हाताने मिस्त्रींचा शर्ट धरला होता आणि उजव्या मुठीत तो वॉशर रुतत होता. टाकीपाशी सांगते, म्हणाल्या, टाकी गेली. चौकात सांगते, चौक गेला. गाडी हळू चालली होती, सायकलवाले पुढे जात होते. मिस्त्रींनी दुसऱ्याच्या पुढे गिअर टाकलाच नव्हता. आणि बाईंच्या हाताखालचा शर्ट चिंब भिजला होता, ऊन काही एवढं नव्हतं.

पेट्रोल पंप आला. त्याच्या पुढे रस्ता एकदम खाली वाकत होता.

“थांबा!” बाई किंचाळल्या. “अहो, थांबा!”

मिस्त्री जणू त्या हाकेचीच वाट बघत होते. गाडी जागच्या जागी उभी राहिली, त्यांनी इंजिन बंद केलं. बाई कशाबशा खाली उतरल्या आणि त्यांनी मूठ उघडली. तळहातावर वॉशरचा गोल लाल ठसा उठला होता.

“हा मी काढला,” त्या म्हणाल्या. “शनिवारी. तुम्ही झोपला होतात. तुम्ही उतारावर जाऊ नये म्हणून काढला हो. मला वाटलं, तुम्हाला कळेल आणि काम थांबेल. आत तो नाहीये. पाया पडते, गाडी पुढे नेऊ नका.” आणि पंपावरची माणसं बघतायत याची पर्वा न करता त्या रडू लागल्या.

मिस्त्रींनी वॉशर उचलला. डोळे मिटले. अंगठा त्याच्या कडेवरून फिरवला.

“दुसऱ्या तारेवरचा,” ते म्हणाले. “टोकाकडून चौथा.”

“हो.”

“तू काढलास?”

“हो हो, मीच.”

“मी नाही हरवला?”

“नाही हो. मी चोरला.”

“पुन्हा सांग.”

“मी चोरला. तुम्ही नाही हरवला.”

मिस्त्रींनी गाडी स्टँडवर लावली आणि ते रस्त्याकडेच्या कठड्यावर मटकन बसले.

“शनिवारी संध्याकाळी अंगठा फिरवला, तर जागा रिकामी,” ते म्हणाले. “तीनदा फिरवला. म्हटलं, संपलं. नावं जातात, रस्ते जातात, ते कसंबसं चालवून घेतो मी. पण तारेवरचा वॉशर मी काढून कुठेतरी ठेवला आणि मला आठवत नाही, म्हणजे आता हातही गेले. पलंगाखाली बघितलं, मोरीत बघितलं, राखेच्या डब्यात हात घातला. तुला कसं सांगणार? तू लेकीला सांगितलं असतंस आणि तिने टेबलच उचललं असतं. मग जुन्या डब्यातला एक जाडा वॉशर घेतला, काचेवर घासून पातळ केला, तोच रुमालातून काढून घातलाय आत. पण बरोबर केला की नाही, याची खात्रीच वाटेना मला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणून तुला मागे बसू नको म्हणत होतो.”

काचेवर गोल फिरणारं बोट, पायांत असलेल्या चपला, खिशात कोंबलेला रुमाल, सगळं एकदम बाईंच्या डोळ्यांसमोर आलं. आपण तारेवरून एक चकती काढली असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात या माणसाजवळ शेवटचा जो काही भरवसा उरला होता, तोच त्यांनी काढून बटणांच्या डब्यात टाकला होता. दोन दिवस तो त्यांच्याइतकाच, कदाचित त्यांच्याहून जास्त, घाबरून याच घरात वावरत होता, आणि भीती ओळखण्यात ज्यांचा हात कुणी धरणार नाही त्या बाईंना ते दिसलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मला बोला काहीतरी,” त्या म्हणाल्या. “शिव्या तरी द्या.”

पण मिस्त्री हसत होते. आधी नुसते खांदे हलले, मग तो जुना गडगडाट बाहेर पडला. “चोर घरातच!” ते मांडीवर थाप मारून म्हणाले. “मी वेडा पलंगाखाली शोधतोय आणि चोर समोर बसून किनार दुमडतोय!”

हसून झाल्यावर त्यांनी उताराकडे पाहिलं, मग मागे, आलेल्या रस्त्याकडे. बराच वेळ मागे बघत राहिले.

“तुझ्या भावाकडे आज नको,” ते हळू आवाजात म्हणाले. “मला परतीचा रस्ता नीटसा लक्षात येत नाहीये. मागून सांगशील?”

“सांगते,” बाई म्हणाल्या.

चौकातून डावीकडे, टाकीवरून सरळ, शाळेपाशी उजवीकडे. बाई कानाशी सांगत गेल्या आणि मिस्त्री वळत गेले. स्वतःच्या गल्लीचं वळण मात्र त्यांनी सांगूनही चुकवलं, पुढे जाऊन गाडी वळवावी लागली. घरी आल्यावर त्यांनी गाडी जिन्याखाली लावली, ताडपत्री घातली, आणि किल्ली व तो वॉशर बाईंच्या हातात दिला. “बटणांच्या डब्यात ठेव,” म्हणाले. “तिथे वस्तू चांगल्या हरवतात.”

बाईंना वाटलं, सुटलो. मोटरसायकलचं भय गेलं, चोरी कबूल झाली, माफी मिळाली.

गुरुवारी दुपारी त्या भाजी निवडत होत्या. खिडकीच्या गजाला रिकाम्या तारा अजून लटकत होत्या, काढायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मिस्त्रींनी निळ्या चिंधीची तार हातात घेतली होती आणि डोळे मिटून तिच्यावरून अंगठा फिरवत होते. एकदा, दोनदा, तीनदा.

“अगं,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. “तुला सांगितलं नाही मी. या तारेवरचा एक वॉशर माझ्याकडून कुठेतरी हरवला.”

बाईंनी वर पाहिलं. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे. म्हणजे शनिवारी संध्याकाळी हाच चेहरा होता, जो बघायला त्या थांबल्या नव्हत्या. पंपाजवळचं सगळं पुसलं गेलं होतं. ते कबूल करणं, ते हसणं, सगळं. राहिली होती फक्त भीती, आणि ती बाईंनीच दिलेली होती.

त्या उठल्या. हात पुसले. बटणांचा डबा आणला, वॉशर शोधून मिस्त्रींच्या तळहातावर ठेवला आणि समोर खाली बसल्या.

“तुम्ही नाही हरवला,” त्या म्हणाल्या. “मी चोरला होता.”

“तू?”

“मी. शनिवारी दुपारी. तुम्ही झोपला होतात.”

“मी नाही हरवला?”

“नाही.”

“पुन्हा सांग.”

बाईंनी पुन्हा सांगितलं. मिस्त्रींचा चेहरा हळूहळू उजळत गेला, खांदे हलले, आणि मांडीवर थाप मारून ते ओरडले, “चोर घरातच!”

तेव्हापासून कधी दिवसाआड, कधी दिवसातून दोनदा बाई आपली चोरी कबूल करतात. पहिल्यांदा केली तशीच, एकही शब्द न गाळता, कारण घाईने उरकली तर मिस्त्रींना ती खरी वाटत नाही. दर वेळी ते तितकेच घाबरलेले असतात आणि दर वेळी तितकेच हसतात. मुलगी म्हणाली, “आई, त्या तारा काढून टाक ना खिडकीच्या.” बाईंनी काढल्या नाहीत. हल्ली कुकरच्या शिट्टीला त्या दचकत नाहीत, सकाळच्या फोनलाही नाही. त्यांना भीती आहे ती एकाच दिवसाची, ज्या दिवशी मिस्त्री तारेवरून अंगठा फिरवतील, काहीच कमी नाही असं त्यांना वाटेल, आणि ते काही विचारणार नाहीत. दुपारचा चहा ठेवला की बटणांचा डबा मांडीवर घेऊन त्या खिडकीसमोर येऊन बसतात.